ठोकून पळाला! आता गाडीच्या विम्याचं काय?

आजचा एपिसोड माझ्या गाडीच्या मागच्या बंपरबद्दल आहे. हसू नका. त्या बंपरने मला विम्याबद्दल जे शिकवलं, ते पॉलिसी विकणाऱ्या एकाही माणसाने शिकवलं नव्हतं.

झालं असं. रात्री अकराच्या सुमारास गाडी सोसायटीबाहेर नेहमीच्या जागी लावली. सकाळी सातला खाली आलो, तर बंपर एका बाजूने लोंबत होता, उजवीकडची टेल लाइट फुटलेली आणि डिकीला चांगलाच पोचा. आजूबाजूला कुणी नाही, काचेवर चिठ्ठी नाही. वॉचमन काका म्हणाले, "पहाटे आवाज आला होता, पण मला वाटलं कचऱ्याची गाडी असेल."

पहिली पाच मिनिटं मी नुसत्या शिव्या दिल्या. सहाव्या मिनिटाला प्रश्न पडला, की जो पळाला तो सापडणार नाही, मग पैसे कोण देणार? इन्शुरन्स कंपनी म्हणेल का, की आधी त्याला शोधून आणा?

तर उत्तर आधीच सांगून टाकतो. नाही म्हणत. तुमच्या गाडीचं नुकसान भरून देताना चूक कुणाची हे कंपनी बघत नाही. तुम्ही स्वतः भिंतीला ठोका किंवा दुसरा कुणी तुम्हाला ठोकून पळो, तुमच्या पॉलिसीत 'ओन डॅमेज' हा भाग चालू असेल तर क्लेम होतो. त्याचा नंबर लागत नाही, नाव लागत नाही.

पण त्या 'असेल तर'मध्येच अनेक जण अडकतात. कायद्याने सक्तीचा आहे तो थर्ड पार्टी विमा. तो तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर आहे. तुमच्या स्वतःच्या बंपरसाठी त्यातून एक रुपयाही मिळत नाही. सप्टेंबर २०१८ पासून नवीन कार घेताना थर्ड पार्टी विमा एकदम ३ वर्षांचा घ्यावा लागतो. शोरूमवाले बऱ्याचदा त्याला ओन डॅमेज जोडून देतात, पण तो १ वर्षाचा. आपण कागदावर '३ वर्षे' वाचतो आणि खुशाल राहतो. माझ्या एका मित्राचं अगदी हेच झालं. दुसऱ्या वर्षी त्याची गाडी कुणीतरी ठोकली, तेव्हा कळलं की ओन डॅमेज चार महिन्यांपूर्वीच संपलाय. सगळा खर्च खिशातून. तर पहिलं काम, पॉलिसी उघडा आणि दोन वेगवेगळ्या तारखा बघा. थर्ड पार्टी कधी संपतोय आणि ओन डॅमेज कधी संपतोय.

माझा ओन डॅमेज चालू होता. गाडी ढकलत नाही, पण हळूहळू चालवत ओळखीच्या गॅरेजवर नेली. गॅरेजवाले काका चांगले आहेत, वर्षानुवर्षं आमच्या घरच्या गाड्या बघतात. त्यांनी पोचा बघितला आणि म्हणाले, "हे बघ, कोण ठोकून गेलं वगैरे लिहीत बसू नकोस. पोलीस, सीसीटीव्ही, कटकट नुसती. रिव्हर्स घेताना खांबाला लागली, एवढं लिही. दोन दिवसांत पास होतंय."

खरं सांगतो, मी पेन उघडलं होतं. विचार केला, खोटं कुठे बोलतोय? गाडीला लागलंय हे खरंच आहे. पैसेही तेवढेच मागतोय. फरक काय पडतो?

फरक पडतो, आणि तो फॉर्म भरतानाच कळतो. फॉर्म विचारतो, गाडी कोण चालवत होतं? लायसन्स नंबर? किती वाजता, कुठे? खांब लिहिला की चालवणारा लिहावा लागतो, वेळ बनवावी लागते, जागा बनवावी लागते. एका खोट्याला तीन खोट्यांचा टेकू. शिवाय उद्या कुठल्या तरी कॅमेऱ्यात त्या पळालेल्या गाडीचा नंबर सापडला, तर तुम्ही त्याच्याविरुद्ध काय बोलणार? 'मीच खांबाला ठोकली' असं तुमच्याच सहीने लिहून दिलेलं असतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. विम्याचा करार विश्वासावर उभा असतो. महत्त्वाची माहिती खोटी दिली असं दिसलं, तर खरं नुकसान झालेलं असूनही कंपनीला क्लेम नाकारायला कारण मिळतं. म्हणजे हक्काचे पैसे आपणच आपल्या हाताने घालवायचे.

मी फॉर्मवर लिहिलं, 'गाडी पार्क केलेली होती. रात्री ११ ते सकाळी ७ च्या दरम्यान अज्ञात वाहनाने मागून धडक दिली.' काकांनी मान हलवली, म्हणजे बघ बाबा तुझं तू.

मग सर्व्हेअर आले. त्यांनी आधी फॉर्म वाचलाच नाही. बंपरजवळ उकिडवे बसले, बोट फिरवलं. माझी गाडी राखाडी आहे. बंपरवर पांढऱ्या रंगाचा पट्टा होता, जो मला दोन दिवसांत दिसलाच नव्हता. म्हणाले, "दुसऱ्या गाडीचा रंग आहे. खांब असता तर पोचा अरुंद आणि उभा आला असता. हा आडवा आहे." मग फॉर्म वाचला आणि हसले. "बरं केलंत. रोज इतके खांब बघतो मी, वाटतं शहरात रस्त्यापेक्षा खांबच जास्त आहेत." काका तेव्हा स्पॅनर शोधायला आत गेले होते. बहुतेक मुद्दामच.

आता असं तुमच्याबाबतीत झालं तर काय करायचं, ते क्रमाने सांगतो.

गाडी हलवायच्या आधी फोटो काढा. जवळून आणि लांबून, दोन्ही. लांबच्या फोटोत रस्ता, दुकानाची पाटी, गाडीची जागा दिसली पाहिजे. जमिनीवर पडलेले काचेचे, प्लास्टिकचे तुकडे फेकू नका. कधी कधी ते समोरच्या गाडीचे असतात.

मग कॅमेरे शोधा आणि हे त्याच दिवशी करा. सोसायटी, मेडिकल, एटीएम. बऱ्याच कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. मला मेडिकलवाल्या दादांनी फुटेज दाखवलं. पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी एक पांढरी गाडी रिव्हर्स येते, धडकते, दहा सेकंद थांबते आणि निघून जाते. नंबर वाचता येत नव्हता. ती दहा सेकंद मात्र मला अजून आठवतात. तो माणूस आत बसून विचार करत होता.

नंबर मिळाला तर एमपरिवहन ॲपवर त्या गाडीचा विमा चालू आहे का हे बघता येतं. मग त्याच्या थर्ड पार्टी विम्यातून तुमच्या गाडीची भरपाई मागायचा रस्ताही उघडतो. त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जावं लागतं. मालमत्तेच्या नुकसानीसाठी खाजगी कारच्या पॉलिसीत ही मर्यादा साधारणपणे साडेसात लाखांची असते. पण बंपरसाठी कोर्टाच्या पायऱ्या चढायला कुणाला वेळ असतो? म्हणून बहुतेक लोक स्वतःच्याच ओन डॅमेजवर क्लेम करतात. एकाच नुकसानीचे पैसे दोन्हीकडून मात्र घेता येत नाहीत.

तिसरं, कंपनीला लगेच कळवा. ॲप, फोन, काहीही चालेल, पण क्लेम नंबर घ्या. आणि सर्व्हे होईपर्यंत दुरुस्ती सुरू करू नका. दोन दिवस उशीर झाला तर घाबरून क्लेम सोडूनही देऊ नका. नुसता उशीर झाला म्हणून खरा क्लेम यांत्रिकपणे नाकारू नये, असं विमा नियामक आयआरडीएआयने २०११ मध्येच कंपन्यांना सांगितलंय.

चौथं, पोलीस. पार्क केलेल्या गाडीच्या छोट्या नुकसानीला प्रत्येक कंपनी एफआयआर मागतेच असं नाही. पण ठोकून पळालेल्या केसमध्ये चौकीत तक्रार देऊन नोंदीची प्रत घेतलेली बरी. कुणाला इजा झाली असेल तर मात्र पोलिसांशिवाय पुढे जाऊच नका.

आता पैशांचा हिशोब. इथे मोबाइलचं कॅल्क्युलेटर उघडा.

समजा बिल झालं ३० हजार. बंपर ९ हजार, टेल लाइट ५ हजार, पोचा काढायची मजुरी ४ हजार आणि पेंट १२ हजार. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. म्हणजे बंपरचे साडेचार हजार आणि लाइटचे अडीच हजार गेले. पेंटच्या एकत्र बिलातला २५ टक्के भाग हा मालाचा खर्च धरतात आणि त्यावर ५० टक्के कापतात, म्हणजे दीड हजार. मजुरीवर कपात नाही. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या कारला प्रत्येक क्लेममध्ये सक्तीचे १ हजार आपण भरायचे, त्यावरच्या इंजिनला २ हजार. एकूण साडेनऊ हजार तुमचे, साडेवीस हजार कंपनीचे. 'झिरो डेप' घेतलं असेल तर घसाऱ्याचे साडेआठ हजारही कंपनी देते. तो १ हजार मात्र तरीही तुमचाच.

पण थांबा, हिशोब इथे संपत नाही. नो क्लेम बोनस, म्हणजे एनसीबी. क्लेम न केलेल्या वर्षांसाठी ओन डॅमेजच्या प्रीमियमवर सूट मिळते. २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. एक क्लेम केला की पुढच्या वर्षी ती शून्य. चूक तुमची नव्हती, गाडी तर झोपली होती, तरीही शून्य. हे मला सगळ्यात जास्त लागलं. पण नियम तसा आहे. बोनस 'नो क्लेम'चा आहे, 'नो चूक'चा नाही.

माझा ३५ टक्के चालू होता. सोपं जावं म्हणून ओन डॅमेजचा मूळ प्रीमियम दरवर्षी १२ हजार धरू. क्लेम केला नसता तर पुढच्या वर्षी ४५ टक्के मिळाले असते, ते ५४०० गेले. त्याच्या पुढच्या वर्षी ५० ऐवजी २०, म्हणजे ३६०० गेले. मग ३ हजार, मग १८००, मग ६००. पाच वर्षांत मिळून १४,४०० रुपये. प्रत्यक्षात गाडी जुनी होते तसा प्रीमियम उतरतो, त्यामुळे आकडा थोडा कमी येईल. तरी चित्र कळलं ना? मिळाले २०,५००, गेले १४,४००. फायदा फक्त ६,१००.

म्हणून ३० हजारांच्या बिलाला क्लेम करणं ठीक. नुसता ओरखडा असेल, ५ हजारांचं पेंटिंग असेल, तर क्लेम म्हणजे तोटा. गॅरेजवाला 'इन्शुरन्समध्ये करून घ्या' म्हणेल, कारण त्याचं बिल दोन्हीकडून तेवढंच असतं. हिशोब आपल्यालाच करायचाय. एनसीबी वाचवणारं ॲड-ऑनही मिळतं. ते तुमच्याकडे असेल तर गणित बदलतं.

क्लेम चुकीच्या कारणाने नाकारला, तर लेखी कारण मागा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा, मग बीमा भरोसा पोर्टल. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही.

आता एक गोष्ट जी बंपरपेक्षा फार मोठी आहे. ठोकून पळालेल्या गाडीने माणूस गेला किंवा गंभीर जखमी झाला आणि ती गाडी सापडलीच नाही, तर त्या कुटुंबासाठी सरकारी योजना आहे. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार. आधी हे आकडे २५ हजार आणि साडेबारा हजार होते. अर्ज तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयात द्यायचा. यासाठी त्या माणसाकडे गाडी किंवा विमा असण्याची गरज नाही. पायी चालणारा, सायकलवाला, कुणीही. अनेक घरांना हे माहीतच नसतं. ही एक गोष्ट तुमच्या वॉट्सॲप ग्रुपवर नक्की टाका.

आणि शेवटी, त्या दहा सेकंदांबद्दल. कधी तरी आपणही त्या पांढऱ्या गाडीत असू. अंधार असेल, कुणी बघत नसेल. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार इजा किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, की ड्रायव्हरने २४ तासांच्या आत पोलिसांना कळवायचं असतं. पण कायदा बाजूला ठेवा. वायपरखाली नंबर लिहिलेली एक चिठ्ठी ठेवली असती, तर मी त्याला फोन केला असता, दोघांनी मिळून खर्च वाटून घेतला असता, माझा बोनसही राहिला असता. कदाचित मी चहाही पाजला असता. आधी शिव्या, मग चहा.

असो. आज घरी गेल्यावर पॉलिसीची पीडीएफ उघडा. ओन डॅमेजची शेवटची तारीख आणि तुमचा एनसीबी किती टक्के, एवढं बघा आणि मला मेसेज करून सांगा. ज्यांचा ओन डॅमेज संपलेला सापडेल, त्यांनी मला थँक्यू म्हणायची गरज नाही. आधी रिन्यू करा, मग बोलू. ९० दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तर साठवलेला बोनसही जातो.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. गाडी नीट लावा, आणि शक्यतो कॅमेऱ्यासमोर लावा!