नदी बोलू लागते तेव्हा

शहरी अद्भुतकथा म्हणजे रोजच्या शहरात घडणारी अद्भुत गोष्ट. रस्ते, बसथांबे, पोलीस चौकी, भाड्याची खोली, सगळे खरे असते आणि त्याच गर्दीत भूत, मांत्रिक, देवता वावरत असतात. मराठी वाचकाला याची ओळख नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी करून दिली. धारपांचा समर्थ अनेक पुस्तकांतून अमंगळ शक्तींशी झुंजत राहिला. मतकरींनी भय पडक्या वाड्यातून उचलून मुंबईच्या मध्यमवर्गीय घरात आणून बसवले. मतकरींची ‘वेडी माणसं’ ही एकांकिका 1955 मध्ये मुंबई आकाशवाणीने सादर केली होती. कानासाठी लिहिण्याचा त्यांचा तो आरंभ होता. पुढे 2017 मध्ये स्वीडनची स्टोरीटेल भारतात आली, मराठी ऑडिओबुके मोबाइलवर मिळू लागली आणि गूढकथा पुन्हा कानाकडे वळली.

या प्रकाराचा कान तयार करायला बेन आरोनोविच यांची ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ ही इंग्रजी मालिका फार चांगली. पहिला भाग 2011 चा. ऑडिओबुक सुमारे 10 तासांचे, वाचन ब्रिटिश नट कोब्ना होल्डब्रुक-स्मिथ यांचे. पीटर ग्रँट हा नवशिका पोलीस शिपाई खुनाच्या जागेवर थंडीत पहारा देत उभा आहे. एक साक्षीदार पुढे येतो. शिपाई शिरस्त्याप्रमाणे त्याचा जबाब घेऊ लागतो आणि साक्षीदार सांगतो की आपण मेलेलो आहोत.

श्रोत्याने इथे थांबावे आणि तेवढा भाग पुन्हा ऐकावा. भूत येणार म्हणून वाचून दाखवणाऱ्याने आधीच आवाज खोल केला, तर प्रसंग तिथेच मेला. शिपाई जबाब घेतो आहे, तेव्हा आवाजही जबाब घेणाऱ्याचाच हवा. थंडी, कंटाळा, पहाऱ्याचे काम यांवर ज्याचा विश्वास बसला, त्याचा भुतावरही बसतो. अद्भुत कथेचे सगळे वजन साध्या वाक्यांवर असते. म्हणून वाचनाची परीक्षा भीतीच्या प्रसंगात घेऊ नये. चहा, रस्ता, साहेबाचा हुकूम अशा वाक्यांत घ्यावी.

या मालिकेतल्या नद्या माणसे आहेत. थेम्सच्या वरच्या अंगाला म्हातारा फादर थेम्स. 1858 च्या दुर्गंधीच्या उन्हाळ्यात तो लंडन सोडून गेला. खालच्या अंगाला मामा थेम्स, नायजेरियातून आलेली बाई. तिथल्या उपनद्या तिच्या लेकी. वरचे आणि खालचे यांच्यात हद्दीवरून तेढ. लंडनच्या श्रोत्याला ही कल्पना नवी वाटत असेल; सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यात, आमच्या मेढ्यात ती समजावून सांगावी लागत नाही. इथून जवळच वाईला कृष्णाबाईचा उत्सव होतो, बायाबापड्या नदीची ओटी भरतात. वेण्णेच्या काठी राहणाऱ्याला नदीला राग येतो, नदीला माहेर असते, हे पाळण्यापासून ठाऊक असते.

पुस्तकात हे घराणे शब्दांनी कळते, ऑडिओबुकात बोलीने. खालच्या घरात आफ्रिकी वळणाची इंग्रजी, वरच्या घरात जत्रेतल्या फिरस्त्यांची. माणूस नाव सांगण्याआधीच कोणत्या पाण्याचा ते कानाला कळते. मराठी अभिवाचनालाही हीच कसोटी लावावी. खेड्यातले प्रत्येक पात्र एकाच ठरावीक ‘गावठी’ हेलात बोलू लागले की ते वाचन कच्चे समजावे. जावळीचा माणूस, कोल्हापूरचा माणूस आणि तीस वर्षे मुंबईत काढून परतलेला जावळीकर हे तीन वेगळे आवाज आहेत; मेढ्याच्या बाजारात उभा असलेला कोणीही ते ओळखतो.

मालिका क्रमानेच ऐकावी. तोच आवाज भागामागून भागात भेटतो आणि हळूहळू ऐकणाऱ्याच्या ओळखीचा होतो. कीर्तनकाराचा आवाज चार रात्रींनी गावाचा होतो तसा. मधूनच वाचून दाखवणारा बदलला की मालिकेतले शहरही परके वाटू लागते. वेग वाढवून ऐकणे या प्रकाराला अजिबात मानवत नाही. दोन वाक्यांमधली शांतता हाही मजकूर असतो आणि वेग वाढवला की ती आखडते.

मेढ्याच्या पावसात पत्र्याखाली दबका आवाज ऐकू येत नाही. तिथे दोन्ही कानांत इअरफोन हवेत. मेढा–सातारा एसटीत मात्र एक कान उघडा ठेवलेला बरा. कंडक्टरची घंटी वाजत, ओले वास येत असताना कथेतले शहर या रस्त्यात मिसळते. अशा कथेला तेच हवे असते.

मराठीत अशी नदीकथेची मालिका व्हायला हवी, आणि तिचे वाचन सातारच्या बोलीत मुरलेल्या आवाजाने करायला हवे. तिचा नकाशा तयारच आहे. महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा आणि वेण्णा एकाच गोमुखातून निघतात असे मानतात; मग त्या वेगळ्या वाटांनी उतरतात आणि संगम माहुलीला पुन्हा भेटतात.