वेग आणि उष्णता

स्वस्त संगणकाकडून अधिक वेग मिळविण्याचा मोह जुनाच आहे. १९९८ साली हौशी मंडळींनी इंटेलचा ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन प्रोसेसर ४५० पर्यंत पळविला. परंतु हिशेब ध्यानी घ्यावा. उष्णता साधारणतः वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन्ही १० टक्क्यांनी वाढविल्यास ती सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. त्यात आपल्या चौमूंत मे महिन्यात हवाच ४० अंशांपलीकडे जाते. पंखा प्रोसेसरला त्या हवेहून थंड करू शकत नाही, आणि लहान पेटीत तीच हवा कोंडते. म्हणून आधी धूळ झाडावी, हवेची वाट मोकळी करावी, व्होल्टेज न वाढविता वेग पायरीपायरीने चढवावा आणि भरदुपारी तपमान पाहावे. हिवाळ्यात पेललेला वेग उन्हाळ्यात पेलेलच असे नाही.