एका गोळीचे दुहेरी काम
परळच्या भोईवाड्याला लागून असलेल्या, १९२६ साली सुरू झालेल्या के.ई.एम. रुग्णालयात एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीबाधितांना विषाणूरोधक औषधे मोफत देणारे केंद्र आहे. एचआयव्ही आणि यकृताला सूज आणणारा हिपॅटायटिस बी हे दोन्ही विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातून व आईकडून बाळाकडे जात असल्याने एकाच व्यक्तीला दोन्ही जडणे नवलाचे नाही. यालाच सहसंसर्ग म्हणतात, आणि त्यात यकृत अधिक वेगाने निकामी होऊ शकते. सुदैवाने एचआयव्हीवरील रोजच्या एकाच गोळीतील टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅविर यांपैकी पहिली दोन औषधे हिपॅटायटिस बीलाही आवर घालतात. मात्र गणपतीला कोकणात गेल्यावर मुक्काम लांबून गोळ्या संपल्या, किंवा बरे वाटते म्हणून त्या परस्पर थांबवल्या, तर दबलेला हा दुसरा विषाणूही उसळून कावीळ होऊ शकते आणि प्रसंगी ती जिवावर बेतते. हिपॅटायटिस बीवर लस आहे. यकृतालाच बाधणाऱ्या हिपॅटायटिस सी या विषाणूवर ती नाही, परंतु सोफोसबुविर व डॅक्लाटासविर यांच्या साधारण १२ आठवड्यांच्या उपचाराने बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात, आणि २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ही औषधे विनामूल्य मिळतात.