लाखेचे तांबडे पाणी



गोंदिया जिल्ह्यात धानाच्या बांधीवर उभा असलेला पळस कोणास ठाऊक नाही? फाल्गुनात त्याच्या फुलांचा रंग काढतात. पण तो रंग टिकत नाही. टिकाऊ रंग त्याच पळसाच्या कोवळ्या फांद्यांवर पोसला जातो आणि तो देतो लाखेचा किडा. ‘लाक्षा’ व ‘अलक्तक’ हे जुने शब्द याच लाखेचे. स्त्रियांच्या पायांचा अळता त्यातूनच आला.

फांदीवरून खरवडलेली लाख कुटून पाण्यात धुतली की पाणी लालभडक होते. उरलेले दाणे वाळवून, तापवून चपडा बनतो. एके काळी युरोपातील व्यापारी या तांबड्या रंगासाठी लाख घेत. 1856 मध्ये पर्किन याने पहिला कृत्रिम रंग तयार केला आणि पुढील काही दशकांत पारडे फिरले. वार्निशासाठी, ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी चपडा हवा होता. रंग कोणास नको होता. गोंदिया शहरातही चपड्याचे कारखाने उभे राहिले. परंतु ज्या पाण्यासाठी पूर्वी लाखेला मोल होते, ते पाणी टाकाऊ ठरले. नागपूर-वऱ्हाडातील आलीच्या मुळांचा धंदाही असाच बुडाला.

हा रंग सुतावर सहज चढत नाही. रेशमावर मात्र उत्तम बसतो. आणि रेशीम तर याच परिसरात आहे! ऐन व अर्जुनाच्या झाडांवर टसरचे कोष घेण्याचे काम ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. कोशाचा धागा प्रथम तुरटीच्या पाण्यात भिजवून मग लाखेच्या गरम पाण्यात ठेवला की तांबडा होतो. भांडे मात्र लोखंडी नसावे. लोहाचा अंश मिसळताच रंग जांभळट, काळपट होतो. एवढे साधे पथ्य न पाळल्याने उत्तम रंग वाया जातो.

भंडाऱ्याच्या करवतकाठी साडीत अंग टसरचे नैसर्गिक सोनेरी असते, रंगविला जातो तो काठ. टसर आणि लाख शेजारी वाढूनही त्यांची गाठ क्वचितच पडावी, हे नवलच.

पंचायत सदस्यांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. 2006 च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत टसर, कोष आणि लाख ही नावे स्पष्टपणे दिलेली आहेत. पात्र वनहक्कधारकांना त्यांची मालकी, संकलन व विक्री यांचा हक्क आहे. मात्र सगळीच लाख खरवडून चालत नाही. पळसावर जून-जुलै आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नव्याने किडा सोडावा लागतो. त्यासाठी बीजलाखेच्या फांद्या आधीच राखून ठेवाव्या लागतात.