दोष मुलांत की मांडणीत?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा पाठ)



आज मला संगणकावर दोन शब्द बोलण्यास सांगण्यात आले आहे. मी बी. ए., बी. एड. झालेला शाळेचा साधा शिक्षक. मराठी व इतिहास हे माझे विषय. संगणकशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. २०२० साली शाळा बंद होत्या, तेव्हा घरी बसून चुकत-माकत मी हे काम शिकलो. मी ज्या चुकांत महिने घालविले, त्यांत आपल्या मुलांनी घालवू नयेत, एवढ्याच अधिकाराने मी आपल्यापुढे उभा आहे.

प्रथम एक घडलेली हकीकत सांगतो. माझी एक माजी विद्यार्थिनी बारावीनंतर वेब ॲप्लिकेशन तयार करण्याच्या एका क्लासला जात होती. वेब ॲप्लिकेशन म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा कार्यक्रम. आपण रेल्वेचे तिकीट काढतो, दहावीचा निकाल पाहतो, ते अशाच कार्यक्रमांतून. तिच्या वडिलांचे शिलाईचे दुकान आहे. एके दिवशी त्यांनी मला रस्त्यात थांबविले आणि म्हणाले, “सर, एवढी फी भरली. क्लासमध्ये सगळे येते म्हणते आणि घरी काहीच चालत नाही. हिच्या डोक्यात हे शिरत नाही बहुतेक. पुढची फी भरू की नको, तुम्हीच सांगा.”

मी म्हणालो, “उत्तर रविवारी देतो. आधी तिचा संगणक पाहू द्या.”

मित्रहो, त्या रविवारी जे दिसले त्यावरच माझे आजचे भाषण आहे. क्लासमधील संगणकावर सर्व सामग्री आधीच मांडून ठेवलेली होती. मुलांनी येऊन बसायचे आणि कोड लिहायचा. मांडणी कशी केली, कोणत्या वस्तूचे काम काय, हे त्यांना कोणी दाखविलेच नव्हते. घरी भावाचा जुना संगणक, त्यावर काहीच नाही. तिने आपल्या परीने सामग्री उतरवून घेतली होती. पण आज्ञा दिली की संगणकाचे एकच उत्तर येई : ‘नोड’ ही आज्ञा मला ओळखता येत नाही.

मी तिच्या वडिलांना विचारले, “यंत्रात दोरा चुकीचा ओवला तर काय होते?” ते म्हणाले, “टीप सुटते, दोरा तुटतो.” मी म्हटले, “मग कारागिराला हात नाही असे तुम्ही म्हणता का?” ते हसले आणि खुर्ची ओढून आमच्याजवळ बसले.

आता दोरा कुठे चुकला होता ते सांगतो. नोड हे २००९ साली रायन डाल यांनी तयार केलेले विनामूल्य साधन आहे. जावास्क्रिप्ट ही भाषा पूर्वी मुख्यतः ब्राउझरच्या आत चाले. नोडमुळे ती थेट संगणकावर चालविणे सोपे झाले. मुलीने नोडची संकुचित फाइल उतरवून ‘डाउनलोड्स’मध्ये उघडली होती. म्हणजे वस्तू घरात होती, पण ती कोणत्या कपाटात आहे हे संगणकाला कोणी सांगितलेच नव्हते. संगणकाजवळ कपाटांची एक यादी असते, तिला ‘पाथ’ म्हणतात. आज्ञा आली की तो त्या यादीतील कपाटेच धुंडाळतो. आम्ही अधिकृत संकेतस्थळावरून नोडचा इन्स्टॉलर घेतला. तो ही नोंद स्वतः करतो. तरीही उत्तर तेच! कारण आमचा एडिटर आधीपासून उघडा होता आणि त्याच्या हाती जुनीच यादी होती. तो पूर्ण बंद करून पुन्हा उघडला, आणि नोडने आपला आवृत्ती क्रमांक पडद्यावर दाखविला. अर्ध्या तासाचे काम. पण त्या अर्ध्या तासापायी एका मुलीवर ‘हिला जमत नाही’ असा शिक्का बसणार होता.

म्हणून विद्यार्थ्यांनो, मांडणी स्वतःच्या हाताने करावयास शिका. तिचा क्रम असा ठेवा.

प्रत्येक कामासाठी एक स्वतंत्र फोल्डर करा. त्याचे नाव इंग्रजी लहान लिपीत, मध्ये जागा न सोडता ठेवा. काही साधने नावातील मोकळ्या जागेवर अडखळतात. त्यानंतर एडिटर. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली आणलेला व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा विनामूल्य आहे आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालतो. त्यात फाइलच्या नावाशेजारी गोल ठिपका दिसला तर ती अजून जतन झालेली नाही असे समजा. हसू नका, ‘बदल केला तरी पानावर दिसत नाही’ या तक्रारीत पुष्कळदा हाच ठिपका गुन्हेगार असतो.

पुढे नोड. त्याच्या दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या आवृत्तीस ‘एलटीएस’ म्हणतात, तीच घ्या. आणि एक नियम पाळा : एक वस्तू बसविली की लगेच तिचा आवृत्ती क्रमांक विचारून ती चालते याची खात्री करा, मगच दुसरी बसवा. पाच वस्तू एकदम बसविल्या आणि काम अडले, तर दोष पाचांपैकी कोणाचा हे शोधता शोधता रात्र संपते.

त्यानंतर सर्व्हर. पानाच्या फाइलवर दोनदा क्लिक केले की पान उघडते, मग सर्व्हर कशाला, असे मुले विचारतात. पान दिसते हे खरे. पण त्याने शेजारच्या फाइलमधून माहिती मागविली की ब्राउझर सुरक्षिततेसाठी सहसा नकार देतो. म्हणून खऱ्या संकेतस्थळासारखा एक छोटा सर्व्हर आपल्याच संगणकावर चालवावा लागतो. त्याचा पत्ता ‘लोकलहोस्ट’, अंकांत १२७.०.०.१. हा पत्ता बाहेर कोठेही जात नाही. संगणक स्वतःशीच बोलतो, म्हणून त्यास इंटरनेटही लागत नाही. पत्त्यापुढे ३००० किंवा ८००० असा क्रमांक असतो, त्यास ‘पोर्ट’ म्हणतात. इमारत एक, खोल्या अनेक, तसे हे आहे. एका खोलीत आधीच कोणी बसला असेल तर दुसऱ्यास तेथे जागा मिळत नाही. ‘पोर्ट वापरात आहे’ असा संदेश आला की घाबरू नका; जुना सर्व्हर बंद करा किंवा खोली बदला.

शेवटी ब्राउझर. क्रोम, एज किंवा फायरफॉक्समध्ये ‘एफ १२’ ही कळ दाबा. पानामागची कार्यशाळा उघडते. तेथील ‘कन्सोल’ चुकीचा संदेश व ओळीचा क्रमांक सांगतो. ‘नेटवर्क’ हा विभाग कोणती मागणी गेली आणि काय उत्तर आले ते सांगतो. ४०४ म्हणजे मागितलेली वस्तू त्या पत्त्यावर नाही. ५०० म्हणजे सर्व्हरच्या आतच काही बिघडले. एवढे दोन आकडे कळले तरी दोष पत्त्यात शोधावा की सर्व्हरमध्ये, हे ठरते.

आता माझ्या विषयाच्या गाभ्याकडे येतो. मांडणी झाली, आणि त्या मुलीने गुणांची बेरीज करणारे आपले पान सुरू केले. एका चौकटीत ४०, दुसरीत ३५ टाकले, कळ दाबली. उत्तर आले ४०३५!

तिचा चेहरा उतरला. तिने पान घाईघाईने बंद करावयास हात पुढे केला. मी म्हटले, “बंद करू नकोस. दोष समोर आला आहे, त्याला जाऊ देऊ नकोस.” एडिटरमध्ये ओळीच्या क्रमांकाच्या डावीकडे क्लिक केले की एक लाल ठिपका उमटतो. त्यास ‘ब्रेकपॉइंट’ म्हणतात. एडिटरमधून ‘एफ ५’ दाबून कार्यक्रम सुरू केला की तो त्या ओळीपाशी येऊन उभा राहतो. धावती गाडी थांबवून आत डोकावून पाहावे, तसे आपण त्या क्षणी प्रत्येक चलाची किंमत पाहू शकतो. ‘एफ १०’ने एक ओळ पुढे जाता येते, ‘एफ ११’ने त्या ओळीतील उपकार्यात शिरता येते.

तिने पाहिले. दोन्ही आकडे अवतरणचिन्हांत होते. ती काही वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “सर, हा त्यांना अंक समजतच नाही, अक्षरे समजतो. म्हणून एकापुढे एक चिकटवतो.” अगदी बरोबर! चौकटीतून येणारा मजकूर जावास्क्रिप्टला अक्षरांच्या रूपातच मिळतो. त्यास संख्येचे रूप आपण द्यावयाचे असते. तिने ते दिले. उत्तर ७५ आले.

इतका वेळ आम्ही इंग्रजी अंक टाकीत होतो. तिचे वडील म्हणाले, “दुकानाचा हिशेब मी मराठी अंकांत लिहितो. ते चालतील का?” मराठी कळफलक लावून अंक टाकले. पडद्यावर आले ‘नॅन’, म्हणजे ‘ही संख्या नव्हे’. जावास्क्रिप्ट देवनागरी अंकांना संख्या मानत नाही. पायथॉन ही भाषा मात्र मानते. मुलीने पुन्हा लाल ठिपका ठेवला, पाहिले, आणि दहा मराठी अंकांची दहा इंग्रजी अंकांशी जोडी लावून तोही दोष दूर केला. मी काहीही सांगितले नव्हते. आणि लक्षात घ्या, तो दुसरा दोष शोधून काढणारे शिलाईचे दुकानदार होते. पालकांना इंग्रजी येत नाही, संगणक येत नाही, म्हणून ते या शिक्षणात परके ठरत नाहीत. योग्य प्रश्न विचारणे हेही त्यातील मोठे काम आहे.

दोष सापडला की आपल्या मुलांना लाज वाटते. ती का वाटावी? ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातील मार्क-२ या गणनयंत्रात बिघाड झाला. शोधता शोधता एका रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला. यंत्रदोषाला ‘बग’, म्हणजे किडा, म्हणण्याची रीत त्याआधीचीच होती. येथे तर खराच किडा निघाला. ग्रेस हॉपर यांचे सहकारी असलेल्या त्या मंडळींनी तो लपविला नाही. नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटविला आणि खाली टीप लिहिली. ती वही आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवली आहे. तुम्हीही एक वही करा. संदेश काय आला, कारण काय निघाले, उपाय काय केला, या तीन गोष्टी तारखेसह लिहा. सहा महिन्यांनी ती वही कोणत्याही प्रमाणपत्राहून अधिक बोलेल.

हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मागितला तो कोड लिहून देतात. त्यांचा उपयोग जरूर करा. परंतु तो कोड आपल्या संगणकावर चालेना, तेव्हा तो नेमका कुठे अडला हे पाहता आले पाहिजे. नाहीतर पुन्हा दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहण्याची पाळी येते.

आणखी दोन सावधगिरीच्या गोष्टी. कामाच्या प्रत्येक टप्प्याची नोंद ‘गिट’मध्ये ठेवा. हे साधन लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ साली तयार केले. आजचा बदल बिघडला तर नोंदविलेल्या कालच्या स्थितीवर त्यातून परत जाता येते. मात्र पासवर्ड किंवा गुप्त किल्ल्या कोडमध्ये लिहून इंटरनेटवर चढवू नका. त्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल गिटला वगळावयास सांगा.

पालकहो, आता खर्चाविषयी. मी ज्यांची नावे घेतली त्या साधनांना एक पैसाही पडत नाही. चोरीच्या सॉफ्टवेअरची गरज नाही; अधिकृत संकेतस्थळ तेवढे पाहून घ्यावे. संगणक नवा हवा असेही नाही. चार जीबी मेमरीच्या जुन्या संगणकावर मी शिकलो. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आपला जुना संगणक विंडोज ११ घेत नसेल तर लिनक्स मिंट किंवा उबुंटू विनामूल्य बसवता येते. फी भरण्यापूर्वी क्लासला एकच प्रश्न विचारा : “माझ्या मुलाला रिकाम्या संगणकावर सर्व मांडणी स्वतः करता येईल का?” उत्तर ‘नाही’ असेल तर पुन्हा विचार करा.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की, ज्या घरी संगणक नाही त्या मुलांसाठी शाळेची संगणक-खोली रविवारी दोन तास उघडी ठेवावी. मी येऊन बसेन. तेथे मांडलेले संगणक नकोत. रिकामे असू द्या. मुले मांडतील, मोडतील, पुन्हा मांडतील.

त्या मुलीच्या वडिलांनी पुढची फी भरली की नाही, हे आपणास जाणून घ्यावेसे वाटत असेल. त्यांनी भरली नाही. मुलगीच म्हणाली, “अब्बा, त्या पैशात संगणकाची मेमरी वाढवून द्या, पुढचे मी घरी करीन.” आज त्यांच्या दुकानाच्या मापांची नोंद तिने केलेल्या पानावर होते, आणि आकडे मराठीत टाकले तरी बेरीज बरोबर येते.

‘जमत नाही’ हा निकाल देण्यापूर्वी एकदा दोरा तपासून पाहा, एवढीच विनंती करून मी माझे दोन शब्द संपवितो.