मुलांची कार्डे आणि त्यांची किंमत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी आरोग्यावर बोलते, कोणी बचतीवर, कोणी मुलांच्या वळणावर. यंदा माझा विषय ऐकून काही जणींना हसू आले. मुलांची कार्डे हा काय भाषणाचा विषय झाला? पण जिच्या घरात आठ ते चौदा वर्षांचे मूल आहे, ती बहुधा हसली नसेल. दप्तरात कार्डे, उशीखाली कार्डे, आणि किराण्यातून उरलेले सुटे पैसेही त्याच वाटेने जातात.

आपल्या ओळखीतल्या एका घरी आईने रागाच्या भरात डबाभर कार्डे पाणी तापवायच्या चुलीत घातली. पोरगा दोन दिवस नीट जेवला नाही. दुसऱ्या एका घरी उलटा प्रकार. तिथे वडीलच म्हणतात, "घे रे बाबा, हेच कार्ड उद्या लाखाला जाईल," आणि मागेल तेवढे पैसे देतात. या दोन्ही घरांत एकच गोष्ट माहीत नव्हती, ती म्हणजे कार्डाची किंमत कशावर ठरते. तेवढेच आज सांगावे म्हणून उभी आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुतण्याने वाचून दाखवले, समजावून दिले, आणि मी वहीत टिपून घेतले.

चित्रे जमवणे हे काही आजच्या मुलांचे खूळ नव्हे. आपल्या आधीच्या पिढीतली मुले काड्यापेट्यांवरची चित्रे जमवीत. १९८७ साली आपल्या देशात क्रिकेटचा विश्वचषक झाला, त्या सुमारास बिग फन नावाच्या बबलगमबरोबर खेळाडूंची चित्रे मिळत. त्यावर धावा आणि बळी छापलेले असत. पुढे परदेशी पैलवानांचे पत्ते आले. उंची, वजन, छाती यांचे आकडे वाचून आपले भाऊ दुपारभर भांडत, हे आपल्याला आठवत असेल. मग चिप्सच्या पुडीत टॅझो नावाच्या गोल चकत्या आल्या. आज पोकेमॉनची आणि क्रिकेटपटूंची कार्डे आहेत.

याहूनही जुना संच आपल्या महाराष्ट्रातच आहे. सावंतवाडीची गंजिफा. हे पत्ते गोल असतात, आणि चितारी लोक ते हाताने रंगवतात. दशावतारी गंजिफेत मत्स्य, कूर्म, वराह असे दहा अवतारांचे दहा रंग. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहाचे पत्ते. म्हणजे बारा दाही एकशेवीस. हा खेळ आपल्या देशात किती जुना, तर १५२७ साली बाबर बादशहाने एका मित्राला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. पुढे छापील पत्ते स्वस्त झाले आणि ही कला मागे पडली. सावंतवाडीत ती जाणणारे जुने चितारी अगदी थोडे उरले होते. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुढाकार घेतला, राणीसाहेब स्वतः ती कला शिकल्या, आणि राजवाड्यात कलाकार बसवून तिला पुन्हा उभे केले.

गंजिफेचा दाखला मुद्दाम दिला. गंजिफा विकत घेणाऱ्याला एकशेवीसच्या एकशेवीस पत्ते एकदम मिळतात. त्यात लपवाछपवी नाही. आजच्या कार्डांचे तसे नाही. कंपनी संच तयार करते, पण तो फोडून, मिसळून, बंद पुड्यांत विकते. आत काय आहे ते पैसे दिल्यावरच कळते. शिवाय सगळी कार्डे सारख्या संख्येने मिळत नाहीत. काही भरपूर, काही थोडी, काही अगदीच क्वचित.

पोकेमॉनचेच पाहा. ही कार्डे १९९६ साली जपानात निघाली आणि १९९९ साली इंग्रजीत आली. इंग्रजीतला पहिला संच १०२ कार्डांचा. कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक खूण असते. गोल ठिपका म्हणजे सर्रास मिळणारे, चौकटीसारखी खूण म्हणजे त्याहून कमी मिळणारे, आणि चांदणी म्हणजे दुर्मिळ. अकरा कार्डांच्या पुडीत चांदणीचे कार्ड एकच असे. शेजारी ४/१०२ असा आकडा असतो, म्हणजे एकशेदोनपैकी चौथे. एवढे वाचता आले तरी मुलाच्या हातात काय आहे ते आईला कळते.

आता संच पुरा करायला किती खर्च येतो, त्याचा हिशेब घालू. समजा ५० चित्रांचा संच आहे, पुडीत एकच चित्र, आणि सगळी चित्रे सारख्याच संख्येने छापली आहेत. पहिली पुडी फोडली की चित्र नवीनच. निम्मी चित्रे जमली की साधारण दोन पुड्यांमागे एक नवे निघते, बाकी जुनेच पुन्हा येते. एकच चित्र उरले की ते सरासरीने पन्नास पुड्यांत एकदा निघते. ही सगळी बेरीज केली तर ५० चित्रांसाठी सरासरी सुमारे २२५ पुड्या लागतात. पाच रुपयांची पुडी धरली, तर मुलाला वाटते अडीचशे रुपयांत काम होईल, आणि जातात अकराशे पंचवीस. त्यात काही चित्रे मुद्दाम कमी छापली असतील, तर खर्चाला अंतच नाही.

यावर उपाय मुलांनी आपणच शोधला आहे. तो म्हणजे अदलाबदल. माझ्याकडे दोन आहेत ते तू घे, तुझ्याकडचे जादा मला दे. पाच मुले एकत्र आली की दुहेरी कार्डे वाया जात नाहीत आणि खर्च कितीतरी उतरतो. आपल्या भिशीसारखेच हे. म्हणून अदलाबदलीला मना करू नये. फक्त मोठा मुलगा लहानाला गंडवत नाही ना, एवढे पाहावे.

आता किमतीकडे वळते. आपल्या खामगावच्या चांदीचे नाव दूरवर आहे. ती चांदी तोडली, वितळवली तरी वजनाने विकली जाते. तिची किंमत तिच्या अंगात आहे. कार्डाच्या अंगात काय आहे? पुठ्ठा आणि शाई. त्याची किंमत बाहेरून येते, आणि ती चार गोष्टींवर ठरते. किती छापली, किती उरली, हाती आहे ते किती कोरे, आणि ते मागणारे किती.

अमेरिकेतला दाखला सांगते. तिकडे बेसबॉल नावाचा चेंडूफळीसारखा खेळ आहे. १९५२ साली टॉप्स कंपनीने खेळाडूंची कार्डे काढली. त्यातली शेवटची खपली नाहीत. वखारीत पडून राहिली, आणि १९६० साली कंपनीने ती बोटीतून नेऊन समुद्रात टाकली. त्यांत मिकी मँटल या खेळाडूचे कार्ड होते. पुढे त्याचे नाव मोठे झाले, कार्डे मात्र थोडीच उरली होती. त्यांतलेच अगदी कोरे राहिलेले एक कार्ड २०२२ साली १ कोटी २६ लाख डॉलरला गेले. आपल्या पैशात सुमारे शंभर कोटी रुपये.

हे ऐकून कोणी घरातला डबा कुलपात ठेवायला निघेल, म्हणून पुढची गोष्टही ऐकावी. अशा किमती कानावर आल्या तेव्हा अमेरिकेतले लोक सावध झाले. १९८० नंतर घरोघरी नवी कार्डे खोक्यांत जपून ठेवू लागले. कंपन्यांनीही भरमसाट छापली. आज त्यांतल्या बहुतेक कार्डांना कोणी विचारत नाही. सगळ्यांनीच जपले, मग दुर्मिळ राहिले काय? मँटलचे कार्ड महाग झाले, कारण त्या काळी ते जपावे असे फारसे कोणाला वाटले नव्हते.

जुने म्हणजे दुर्मिळ, हाही असाच एक गैरसमज. आपल्यापैकी कित्येकींच्या सासूबाईंच्या पेटीत भोकाचा पैसा असेल. ही नाणी १९४३ ते १९४७ या काळात कोट्यवधींनी पाडली होती, त्यामुळे साध्या नाण्याला आज फार भाव नाही. तरी फोन येतात, "तुमचे जुने नाणे लाखाला घेतो, आधी थोडी फी भरा." भगिनींनो, विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे, असा सौदा कुठल्या बाजारात असतो? ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतः जाहीर केले की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि आपण असली फी घेत नाही. असा फोन आला तर सरळ बंद करावा.

कोरेपणाचेही असेच. आपण सहा पेल्यांतला टवका गेलेला पेला पाहुण्यापुढे ठेवत नाही. जाणकार लोक कार्डाचे कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र बरोबर मध्यावर आहे की नाही, हे भिंगाखाली पाहतात. अमेरिकेत १९९१ पासून पीएसए नावाची संस्था कार्डांना एक ते दहा गुण देते. तेच कार्ड दहा गुणांचे असेल तर एक भाव, पाच गुणांचे असेल तर भलताच दुसरा. खिशात चुरगळलेल्या, डावात घासलेल्या कार्डाला तो भाव येत नाही.

आणि नकलेचे काय? दुकानात सोनेरी, चकचकीत, प्लॅस्टिकसारखी पोकेमॉनची कार्डे गठ्ठ्याने स्वस्तात मिळतात. ती बहुतेक नकली असतात. मुलाने खेळायला घेतली तर हरकत नाही, पण तिथे किमतीची गोष्टच काढू नये.

मग आईने करावे काय? कार्डे जाळू नयेत. मूल त्यात नावे वाचते, आकडे जुळवते, देवघेव शिकते. आठवड्याचे पैसे मात्र ठरवून द्यावेत, आणि एका वहीत किती पुड्या घेतल्या, किती दुहेरी निघाल्या ते त्यालाच लिहायला लावावे. महिनाभरात ते मूल स्वतःच हिशेब बोलू लागेल. कार्डे कोरड्या डब्यात ठेवावीत. गठ्ठ्याला रबर लावू नये, कडा दबतात. आणि बचत म्हणून कार्डे घेऊ नयेत. बचतीला पोस्ट आहे, आपला गट आहे. कार्ड आवडते म्हणून घ्यावे. पुढे कधी भाव आलाच तर तो देवाचा प्रसाद समजावा.

बंद पुडीत नशीब विकत मिळते, ही सवय लहानपणी लागली तर ती कार्डांपाशी थांबत नाही. मोठेपणी ती लॉटरीपाशी जाते, मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांपाशी जाते, आणि अशा नादाने बसलेली घरे आपण पाहिली आहेत. म्हणून पाच रुपयांच्या पुडीतच मुलाला हा हिशेब कळावा, एवढीच माझी तळमळ.