गोव्यातला डच कारकून आणि क्युपर्टिनोतले आपण



आपण ज्या गावात जमलो आहोत, त्याचं नाव एका प्रवासातल्या मुक्कामातून आलं. १७७६ च्या मार्चमध्ये हुआन बाउतिस्ता दे आन्सा यांची स्पॅनिश तुकडी इथल्या ओढ्याकाठी उतरली होती. तुकडीत पेद्रो फाँत नावाचा फ्रान्सिस्कन पाद्री होता. किती चाललो, पाणी कुठे लागलं, वाटेत कोण भेटलं हे तो वहीत उतरवी आणि नकाशेही काढी. ओढ्याला इटलीतल्या कोपेर्तिनो गावच्या संत जोसेफचं नाव मिळालं. पुढे ओढा स्टीव्हन्स क्रीक झाला, पण जुनं नाव गावाकडे राहिलं. ओलोनी लोक या खोऱ्यात त्याआधी हजारो वर्षं राहत होते. त्यांनी या पाण्याला दिलेलं नाव आपल्या नकाशावर नाही. ज्यांनी लिहून ठेवलं, त्यांचं टिकलं.

आज मला तुम्हाला अशाच एका लिहून ठेवणाऱ्याकडे न्यायचं आहे. यान हाउखेन फान लिन्सखोतेन हे त्याचं नाव. एन्कहाउझेन या डच बंदरगावात तो वाढला. भाऊ स्पेनमध्ये व्यापारात होते, त्यांच्या मागोमाग कोवळ्या वयात घराबाहेर पडला. गोव्याचे नवे आर्चबिशप व्हिसेंते दा फोन्सेका यांच्या पदरी त्याला कारकुनी मिळाली आणि सप्टेंबर १५८३ मध्ये, विशीच्या आसपास, तो गोव्यात उतरला. तिथे तो पाच वर्षं राहिला. हाताशी फौज नव्हती, व्यापाराला भांडवल नव्हतं. हिशेब लिहिणं हे त्याचं काम. घरी पाठवलेल्या एका पत्रात त्याने कळवलं होतं की तरुण माणसाने आईच्या स्वयंपाकघरात घुटमळत राहावं यासारखा वेळेचा अपव्यय नाही. त्या आईला ते वाचून काय वाटलं असेल, हे मला माझा मुलगा दुसऱ्या किनाऱ्यावर नोकरीला गेला तेव्हा समजलं.

परतताना तो अझोर्स बेटांवर दोन वर्षं अडकला आणि १५९२ मध्ये घरी पोहोचला. १५९६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या कॉर्नेलिस क्लास या प्रकाशकाने त्याचं ‘इतिनेरारियो’ छापलं. हे पुस्तक मी पहिल्यांदा वाचलं ते मोठ्या घटनांसाठी: व्हाइसरॉयांच्या नेमणुका, होर्मुझहून कैद करून आणलेले इंग्रज व्यापारी, जहाजांची ये-जा. पुन्हा पुन्हा वाचतो ते मात्र बारीकसारीक गोष्टींसाठी.

गोव्याच्या हमरस्त्यावर ऊन चढायच्या आत रोज लिलाव भरे. अरबी घोडे, मसाले, गालिचे तिथे विकले जात. माणसंही विकली जात, जनावरांसारखी. तेही त्याने लिहिलं आहे. रस्त्यावरून संथ पावलं टाकत जाणाऱ्या पोर्तुगीजाच्या डोक्यावर गुलामाने छत्री धरलेली असे, याचं चित्रही त्या पुस्तकात आहे. पावसाळ्याला पोर्तुगीज हिवाळा म्हणत. त्या दिवसांत नदीचं मुख वाळूने भरून बंदर बंद पडे. कैरीत आलं-लसूण भरून ती मिठात आणि शिरक्यात मुरवत. आणि पाणी कसं पीत? मातीचं भांडं उंच धरून, ओठांना न लावता. पोर्तुगालहून नुकताच आलेला माणूस ते अंगावर सांडून घेई आणि जुने लोक त्याला हसत. आपल्याकडे वरून पाणी पिण्याची रीत घराघरांत आहे. इतकी आपली आहे की ती लिहावी असं सहसा कुणाला वाटत नाही. परक्याला वाटलं, म्हणून सोळाव्या शतकातला तो घोट आज आपल्याला दिसतो.

त्याचे दोष झाकायचं कारण नाही. आपल्या देवळांतल्या मूर्तींविषयी तो सैतानाची भाषा बोलतो. कष्टकरी कानडी आणि दख्खनी माणसं त्याने दुरून पाहिली. त्यांच्या अंगणात बसून त्यांचं ऐकलं, असं पुस्तकात जाणवत नाही. त्याच काळात, त्याच शहराच्या परिसरात, दुसरा एक परदेशी वेगळ्या वाटेने चालला होता. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला होता. कैदेतल्या त्या इंग्रज व्यापाऱ्यांच्या सुटकेसाठी त्याने खटपट केली. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने इथल्या भाषांची ठेवण ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचं कळवलं. पुढे त्याने मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचलं, ते १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं. एकाने आपल्या माणसांना परका देश सांगितला, दुसऱ्याने परक्या भाषेलाच आपलं म्हटलं. निवड करायची तर माझा कौल स्टीफन्सला आहे. पण त्या रस्त्यावरचा लिलाव आणि पाण्याचं ते भांडं मला लिन्सखोतेनच देतो.

त्याच्या लेखणीचा परिणाम त्याच्या कल्पनेपलीकडचा झाला. पोर्तुगीजांनी जपलेली सागरी मार्गांची माहिती त्याने डच भाषेत आणली. तो भाग १५९५ मध्येच छापून झाला आणि त्याच वर्षी पहिला डच ताफा पूर्वेकडे निघाला. १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी उभी राहिली. १६३७ मध्ये डचांनी आपल्या वेंगुर्ल्यात पाय रोवले. त्यांच्या वखारीचे भग्न अवशेष तिथे आजही उभे आहेत. त्याच वखारीतून शिवाजी महाराजांच्या हालचालींच्या बातम्या पत्रांनी बाहेर जात होत्या, आणि शिवकालाच्या अभ्यासकांना डच दप्तरांकडे जावं लागतं ते त्यामुळे. आपल्या इतिहासातल्या काही तारखा परक्या कारकुनांनी जपल्या, याचं मला वाईटही वाटतं आणि त्यांच्याविषयी कृतज्ञताही वाटते.

आपल्या भाषेत असं कुणी केलंच नाही, असं मात्र नाही. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेत आल्या आणि दोन वर्षांहून जास्त काळ देशभर फिरल्या. १८८९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे त्यांचं मराठी पुस्तक निघालं. राज्यकारभार, शाळा, घरसंसार, बायकांच्या संस्था, असं सगळं त्यांनी महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगितलं. गोव्यातल्या डच कारकुनाकडे मला जे कमी वाटतं, ते इथे आहे: पाहणारी बाई ज्यांच्याकडे पाहते त्यांच्याकडून शिकायलाही तयार आहे, आणि चुकेल तिथे बोलायलाही.

त्याला आता १३० वर्षांहून अधिक काळ लोटला. रमाबाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या. आपण राहायला आलो आहोत, आणि संख्येनेही कितीतरी जास्त आहोत. आपण काय लिहून ठेवलं?

माझ्यापासून सुरुवात करतो. माझी आई रत्नागिरीला असे. मी तिला दर पंधरा दिवसांनी निळं एरोग्राम पाठवत असे. ती गेल्यावर तो गठ्ठा माझ्याकडे आला. प्रत्येक पत्रात मी खुशाल आहे, तब्येतीची काळजी घे, पैसे पाठवले आहेत. आमच्या पहिल्या भाड्याच्या घरामागे जर्दाळूची बाग होती. हे सारं खोरं एके काळी फळबागांचंच होतं. एका उन्हाळ्यात ती झाडं तोडली गेली आणि तिथे बैठ्या कचेऱ्या उठल्या. तोवर त्या फळांचा वास खिडकीतून आत येई. एकाही पत्रात तो वास नाही. आईला जर्दाळू फक्त सुका माहीत होता. झाडावरचा कसा असतो, हे मी तिला सांगितलं नाही, आणि आता सांगायला ती नाही.

९ सप्टेंबर २०२० ची सकाळ आठवा. वणव्यांच्या धुराने आकाश नारिंगी झालं होतं, सूर्य वर आला तरी घरात दिवे लावून बसावं लागलं. आपण सगळ्यांनी फोन काढून फोटो घेतले. पण अनेक फोनच्या कॅमेऱ्यांनी तो रंग आपोआप ‘सुधारून’ राखाडी करून टाकला. डोळ्यांना दिसलेलं फोटोत नव्हतं. त्या दिवशी कुणाच्या मुलाने काय विचारलं, डबा भरला की नाही, भारतातून पहिला फोन कुणाचा आला, हे कोणत्याच कॅमेऱ्यात नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये घराबाहेर न पडण्याचा हुकूम निघाला, तेव्हा सहा महिन्यांसाठी आलेले कितीतरी आईवडील इथेच अडकले. ग्रीन कार्डच्या रांगेत मुलं लहानाची मोठी होतात. नोकरकपातीची ईमेल पहाटे येते आणि माणूस स्वयंपाकघरात उभ्यानेच ती वाचतो. या आपल्या चालू घडामोडी आहेत. इंग्रजी वर्तमानपत्रांत त्यांची आकडेवारी छापून येते. त्या स्वयंपाकघरात मराठीत काय बोललं गेलं, ते तिथे कुठून येणार?

काही जण म्हणतील, आम्ही लेखक नाही. लिन्सखोतेनही नव्हता. तो हिशेब लिहिणारा होता. आपल्यातले निम्मे लोक दिवसभर दुसरं काय करतात? आणखी एक सांगतो. सवय झाली की दिसणं थांबतं. नुकत्याच आलेल्या सुनेला, विद्यार्थ्याला, पाहुण्या आजोबांना जे दिसतं, ते मला तीस वर्षांनंतर दिसत नाही. म्हणून त्यांनी आधी लिहावं, त्यांची नजर नवी आहे तोवर. आणि आपण जुन्यांनी जे नाहीसं झालं ते लिहावं.

पुढच्या वसंतात आपण याच सभागृहात भेटू. येताना प्रत्येक घराने मराठीत लिहिलेलं एक पान आणावं. वर तारीख घाला, रस्त्याचं नाव घाला, त्या दिवशी घरात काय शिजलं ते घाला. तुमच्याकडे आजी-आजोबा आले असतील, तर पहिलं पान त्यांच्याकडून लिहून घ्या. त्यांचं परतीचं तिकीट काढलेलं आहे.